सात महिन्यांची जखम

सन २०२३ च्या डिसेंबर महिन्यांत पुण्यांतील एका रुग्णालयांत आमच्या पोटावर, नाभीच्या डाव्या बाजूस, एक नवें द्वार करण्यांत आलें. आणि निसर्गानें दिलेलें जें द्वार सदुसष्ट वर्षें निमूटपणें आपलें काम करीत आलें होतें, तें कायमचें शिवून टाकण्यांत आलें. गुदाशयाच्या अगदीं तळाशीं कर्करोगाची गांठ असली म्हणजे पुष्कळदां याखेरीज दुसरा इलाज उरत नाहीं. हीं दोन वाक्यें लिहिण्यापूर्वीं आम्हीं लेखणी कितीदां खालीं ठेविली हें आमचें आम्हांस ठाऊक. कौटुंबिक मासिकांत असला विषय कशाला, असें कित्येक वाचकांस वाटेल. परंतु ज्या घरांत चार वडीलधारीं माणसें आहेत त्या घरास अशा दुखण्याची ओळख आज ना उद्यां होण्याचा संभव असतोच. आणि ती ओळख अनोळखी माणसानें ऐन वेळीं करून देण्यापेक्षां ओळखीच्या मासिकानें आधींच करून दिलेली बरी.

लोकांस भय वाटतें तें पोटावरील पिशवीचें. आम्हांसहि तेंच वाटत होतें. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीं एक परिचारिका आली. तिनें आम्हांस निजावयास, बसावयास, वांकावयास व उभें राहावयास लाविलें. धोतराची गांठ नेमकी कोठें येते तें विचारलें. आणि पोटाची वळी व धोतराची कड दोन्ही चुकवून, आमच्याच डोळ्यांस सहज दिसेल अशा जागीं शाईनें एक फुली काढिली. त्या फुलीवर दुसऱ्या दिवशीं द्वार झालें. डॉक्टरी भाषेंत त्यास 'स्टोमा' म्हणतात. तो ओठाच्या आंतल्या बाजूसारखा लाल व ओलसर दिसतो, आणि त्यास स्पर्शाची वेदना नसते. पिशवीच्या चकतीस पाडावयाचें छिद्र त्याच्या मापापेक्षां दोनतीन मिलिमीटरच मोठें ठेवावें, पहिले सहा ते आठ आठवडे स्टोमा आकसत जातो म्हणून माप वरचेवर घ्यावें, एवढ्या दोन गोष्टी संभाळल्या कीं भोंवतालची कातडी सोलवटत नाहीं. पिशवीशीं आमचें तीन आठवड्यांत जमलें. जमलें नाहीं तें खालच्या जखमेशीं.

या शस्त्रक्रियेची पद्धतशीर मांडणी अर्नेस्ट माइल्स या लंडनच्या शस्त्रवैद्यानें १९०८ सालीं 'लॅन्सेट' या नियतकालिकांत केली. त्या काळीं, आणि पुढेंहि बरींच वर्षें, खालची जखम न शिवतां पट्ट्यांनीं भरून उघडी ठेवण्याचा प्रघात होता व ती महिनोन् महिने हळूहळू भरून येई. आतां ती शिवतात. पण शिवली म्हणजे सांधली असें नव्हे. याचें कारण आम्हांस शस्त्रवैद्यांनीं कागदावर चित्र काढून समजाविलें. पोटाची भिंत मऊ असते. आंतून कांहीं काढलें तर ती दबून जागा भरून निघते. कटीची कोठी मात्र हाडांची. तिच्यांतून गुदाशय काढला कीं पोकळी तशीच राहते, तींत रक्त व पाणी सांठतें, आणि सांठलेलें पाणी जंतूंस फार मानवतें. त्यांत आम्हांस आधीं पांच आठवडे मिळून पंचवीस वेळां किरण देण्यांत आले होते. त्यांनीं गांठ आटली, पण तेथील बारीक रक्तवाहिन्याहि आटल्या. आणि जेथें रक्त पोंचत नाहीं तेथें नवें मांस कोठून येणार? शिवाय ती जागा माणसाच्या बसण्याची. तिच्यावर सगळ्या देहाचा भार, तेथें घाम, तेथें ओल. अशा ठिकाणची जखम लवकर भरली तरच आश्चर्य.

दहाव्या दिवशीं आम्ही घरीं आलों. पंधराव्या दिवशीं धोतरास पिंवळट डाग दिसला. येथें आमची पहिली चूक झाली व ती लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं. चाळीस वर्षें आम्हीं वर्गांत मुलांस सांगितलें कीं उत्तर चुकलें तर खोडूं नका, तें मला पाहूं द्या. आणि आम्हीं स्वतः अकरा दिवस तो डाग न्हाणीघरांत जाऊन आपल्या हातांनीं धुतला. जागाच अशी कीं कोणास दाखवावयाची म्हणजे जीव कानकोंडा होई. सुनेस सांगणें शक्य नाहीं, मुलगा बंगलोरास, आणि आमच्या कुटुंबानें त्या वर्षांत आधींच पुरेसे अश्रू ढाळिले होते. सव्विसाव्या दिवशीं रात्रीं हुडहुडी भरून ताप आला. धाकट्या बंधूंचा मुलगा बँकेंत नोकरीस असतो; त्यानें कांहींएक न विचारतां आम्हांस गाडींत घातलें. शस्त्रवैद्यांनीं कांहीं टांके कापतांच आंतून इतका पू वाहिला कीं परिचारिकेस दुसरें भांडें आणावें लागलें. आंत सात सेंटिमीटर खोल पोकळी झाली होती. डॉक्टर रागावले नाहींत, ते एवढेंच म्हणाले, “मास्तर, पहिल्या दिवशीं आला असतां तर दोन टांक्यांत भागलें असतें.”

त्या दिवसापासून ती जखम शिवावयाची नाहीं, तळापासून भरून आणावयाची, असें ठरलें. हा प्रकार घरच्या माणसांनीं नीट समजून घेणें जरूर आहे, कारण सामान्य समज याच्या उलट असतो. वरचें तोंड लवकर मिटलें म्हणजे आपणांस आनंद होतो. पण आंत पोकळी असतां तोंड मिटलें तर आंत पुन्हां पू होतो. म्हणून ताज्या मिठाच्या पाण्यानें—तें निर्जंतुक असून औषधाच्या दुकानांत बाटलींत मिळतें—पोकळी धुवावयाची, आणि औषधी पट्टी तळापर्यंत सैल अशी भरावयाची. सैल या शब्दावर आमच्या पुतण्यास परिचारिकेनें तीनदां बजाविलें. पट्टी ठांसून भरली तर तिच्या दाबानें कोंवळें मांस मरतें. आणि पट्टीचें एक टोंक नेहमीं बाहेर दिसत राहिलें पाहिजे, नाहीं तर ती आंत राहून जाते. पहिले पंधरा दिवस परिचारिका घरीं येई. नंतर पुतण्यानें तें काम हातीं घेतलें. सकाळीं बँकेंत जाण्यापूर्वीं वीस मिनिटें व रात्रीं जेवणापूर्वीं वीस मिनिटें, असा त्याचा क्रम सात महिने चालला. ज्या मुलास आम्हीं लहानपणीं शब्दरूपें चुकल्याबद्दल उभें केलें होतें, त्याच्यापुढें आम्ही आतां पालथे पडून राहूं लागलों. प्रथम आम्हांस मान वर करवेना. एकदां तोच म्हणाला, “काका, मला ती नुसती जखम दिसते, तुम्ही दिसत नाहीं.” त्यानंतर सोपें झालें.

पालथें पडल्या पडल्या जुनें वाचन आठवूं लागलें. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानाचा पहिलाच अध्याय 'द्विव्रणीय' नांवाचा असून त्यांत व्रणावरील साठ उपक्रम सांगितले आहेत. दुष्ट, शुद्ध, भरत आलेला आणि पूर्ण भरलेला या व्रणाच्या अवस्था त्या ग्रंथांत निरनिराळ्या लक्षणांनीं ओळखावयास शिकविल्या आहेत. आमच्या पुतण्यास संस्कृत विशेष येत नाहीं, पण परिचारिकेनें त्यास जें शिकविलें तें याहून फार निराळें नव्हतें: तळाचा रंग डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल व किंचित् खरबरीत असला तर जखम सुधारत आहे, पिंवळा चिकट थर असला तर तो काढावयास हवा, काळा दिसला तर ताबडतोब रुग्णालय. एवढ्यावरून सगळें प्राचीनांस ठाऊकच होतें असें म्हणणाऱ्यांपैकीं आम्ही नाहीं. ज्या औषधानें आमचा ताप उतरला तें सुश्रुताजवळ नव्हतें, आणि जखम ओली ठेवावी कीं कोरडी या प्रश्नाचें प्रयोगानें उत्तर मिळावयास १९६२ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं जॉर्ज विंटर या संशोधकानें डुकरांच्या कातडीवर लहान जखमा करून कांहीं पातळ प्लॅस्टिकनें झांकल्या व कांहीं उघड्या ठेविल्या. झांकलेल्या ओलसर जखमांवर नवी कातडी जवळजवळ दुप्पट वेगानें आली. आमच्याकडे समाचारास येणारा प्रत्येक गृहस्थ “जरा हवा लागूं द्या, खपली धरूं द्या” असें सांगून जाई, आणि दोघांनीं तर हळदीची पुरचुंडीहि आणिली होती. हळद आमच्या कुटुंबानें आमटींत घातली.

पुतण्यानें एक वही केली होती. दर रविवारीं निर्जंतुक कापसाच्या काडीनें तो खोली मोजी व तारखेपुढें लिही. तिला आम्ही जखमेचें प्रगतिपुस्तक म्हणत असूं. जानेवारींत सात सेंटिमीटर, फेब्रुवारीअखेर पांच, मार्चच्या पहिल्या रविवारीं साडेचार. पुढील चार रविवार साडेचार, साडेचार, साडेचार, साडेचार. एकाच इयत्तेंत पुन्हां पुन्हां बसणारा विद्यार्थी आम्हीं पुष्कळ पाहिला होता, परंतु अशा वेळीं त्याच्या मनांत काय चालत असेल याचा विचार त्या वेळीं केला नव्हता. एप्रिलच्या आरंभीं शस्त्रवैद्यांनीं स्पष्ट सांगितलें कीं जूनअखेर पोकळी अशीच राहिली तर मांडीचा किंवा कुल्ल्याचा स्नायू रक्तवाहिनीसकट वळवून तींत बसवावा लागेल. म्हणजे पुन्हां मोठी शस्त्रक्रिया, पुन्हां तीच खाट. ते पुढें म्हणाले, “पण त्याआधीं जखम कां अडली तें शोधूं. अडलेल्या जखमेला कांहीं तरी कारण असतें.” आंतल्या मांसाचा तुकडाहि त्यांनीं तपासावयास पाठविला, कारण रोग उलटल्यामुळेंहि जखम अडूं शकते. तो तुकडा निर्मळ निघेपर्यंतचे सहा दिवस घरांत कोणी मोठ्यानें बोललें नाहीं.

मग इतर कारणें एकामागून एक बाहेर आलीं. पहिलें कारण आमच्याखालींच होतें. औषधाच्या दुकानांतील एका गृहस्थाच्या सल्ल्यानें आम्हीं मधोमध भोंक असलेली रबरी कडी बसावयास घेतली होती. दिसावयास ती सोयीची. पण तिच्या कडांनीं दोन्ही बाजू ताणल्या जातात, मधल्या भागाचें रक्त अडतें आणि जखम उघडी पडते. तिच्या जागीं जाड सपाट फोमची गादी आली, एका वेळीं वीस मिनिटांहून अधिक बसावयाचें नाहीं व निजावयाचें तें कुशीवर, असा दंडक झाला. दुसरें कारण मधुमेह. तो आम्हांस बारा वर्षांपासून आहे, पण शस्त्रक्रियेच्या गडबडींत त्याकडे दुर्लक्ष होऊन तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी तपासणी साडेआठांच्या वर गेली होती. रक्तांत साखर माजली कीं जंतूंशीं लढणाऱ्या पेशी मंदावतात. कांहीं काळ इन्सुलिन टोंचून ती आटोक्यांत आणिली.

तिसरें कारण सांगतांना आजहि अंमळ जड जातें. जेवणानंतरच्या पानांत चिमूटभर तंबाखू घेण्याची संवय आम्हांस तरुणपणापासून होती. शस्त्रक्रियेपूर्वीं ती सोडल्याचें आम्हीं डॉक्टरांस सांगितलें होतें, आणि तें खरेंहि होतें. पण फेब्रुवारींत दिवस जाईना म्हणून पुन्हां सुरू केली होती, अर्थात् कोणास कळूं न देतां. सौभाग्यवतींनीं उशीखालून डबी काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेविली व त्या म्हणाल्या, “अहो, तुम्ही सांगा नाहीं तर मी सांगतें.” तंबाखू ओढा, चघळा किंवा हुंगा, तिच्यांतील निकोटिनानें सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात. किरणांनीं आधींच उपाशी ठेवलेल्या जागेचा उरला घांस आम्ही रोज दोनदां काढून घेत होतों. ती डबी त्या दिवशीं टेबलावरच राहिली.

चौथें कारण ताटांतील. आहारतज्ज्ञ बाईंनीं आमचें वजन पाहून, अठ्ठावन किलो, दिवसाकांठीं सुमारें ऐंशी ग्रॅम प्रथिनें पोटांत गेलीं पाहिजेत असा हिशेब दिला. आमच्या दोन पोळ्या, भात, पातळ वरण व वाटीभर ताक यांची बेरीज त्याच्या निम्म्यावरहि जाईना. वाढत्या मुलास लागतें तसें नवें मांस घडविण्यास द्रव्य लागतें, आणि आम्ही तर दुखणाईत म्हणून पेज पीत होतों! वरण घट्ट झालें, दोन वेळां दूध, दुपारीं पनीर, मूठभर शेंगदाणे, मोड आलेले मूग असें करीत आंकडा साठापर्यंत आला. उरलेल्या विसांसाठीं बाईंनीं अंडीं सुचविलीं. आमच्या मातोश्री नव्वदीच्या घरांत आहेत व त्यांचें सोवळें साऱ्या आळीस ठाऊक आहे. त्यांच्यासमोर हा विषय काढावा कोणी? शेवटीं आम्हींच सांगितलें कीं सूत्रस्थानाच्या एकोणिसाव्या अध्यायांत व्रण झालेल्या माणसास जुन्या तांदळाच्या भाताबरोबर रानांतील प्राण्यांचें मांस द्यावें असें खुद्द सुश्रुतानें म्हटलें आहे. आईनें तें ऐकून घेतलें आणि ती म्हणाली, “अरे बाळ, पोथी नको सांगूं. औषध म्हणून जें पोटांत जायचें त्याला कसलें रे सोवळें? मागच्या पडवींत स्टोव्ह मांडा, भांडें वेगळें करा, आणि मला विचारायला येऊं नका.” रोज तीन अंडीं, पिवळें बलक एकच, असें सूनबाई मागच्या पडवींत उकडून देऊं लागली. चव आम्हांस शेवटपर्यंत आवडली नाहीं. ज्या घरांत हें मुळींच चालत नसेल तेथें दुधाचीं प्रथिनें पुडींत मिळतात. मात्र मूत्रपिंडाचें दुखणें असलेल्यांनीं विचारल्यावांचून प्रमाण वाढवूं नये.

एप्रिलच्या मध्यास जखमेवर एक यंत्र लाविलें. पोकळींत सच्छिद्र स्पंजाचा तुकडा ठेवून वर पारदर्शक पडदा चिकटवितात व नळीनें आंतली हवा आणि पाणी सारखें ओढून घेतात. स्पंज दर दोनतीन दिवसांनीं बदलावयाचा. यंत्र खांद्यास अडकवून घरांत हिंडतां येई. रात्रीं तें मांजरासारखें घुरघुरे. प्रत्येक जखमेस हें चालत नाहीं, आंतडें उघडें असल्यास तर मुळींच नाहीं. आम्हांस तीन आठवडे चाललें. मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारीं वहींत तीन सेंटिमीटर आलें.

दुखण्याची यादी करणें सोपें आहे. अधिक कठीण गेलें तें बसतां न येणें. पंक्तींत नाहीं, सभेंत नाहीं, देवापुढें पाटावर नाहीं. माणूस एक तर उभा नाहीं तर आडवा. पूजा आम्हींच बंधूंकडे दिली. तीबद्दल आम्हांस कोणी अवाक्षर बोललें नव्हतें; पोटावर पिशवी व खालीं वाहती जखम घेऊन देवघरांत जाणें आमच्याच मनास रुचेना. वास येतो कीं काय या शंकेनें पाहुणे आले कीं आम्ही माजघरांत जात असूं. १९५४ सालीं डेन्मार्कमधील एलिझ सोरेन्सन नांवाच्या परिचारिकेनें चिकटणाऱ्या पिशवीची कल्पना काढली ती आपल्या बहिणीसाठीं. पोटावरील द्वारामुळें ती बहीण लोकांत जावयास धजत नव्हती. हें वाचलें तेव्हां त्या दूरदेशच्या अनोळखी बाईचें मन आम्हांस शेजारच्या घरांतील असल्यासारखें कळलें. त्याच एकोणिसाव्या अध्यायांत सुश्रुत सांगतो कीं रुग्णाजवळ गोड बोलणारे मित्र असावेत व त्यांनीं गोष्टी सांगून त्याच्या वेदनेचा विसर पाडावा. आमचे एक जुने सहाध्यायी, गणिताचे शिक्षक, दर मंगळवारीं व शुक्रवारीं येत, आम्हांस माजघरांतून बाहेर बोलावीत, आम्ही कुशीवर निजून व ते खुर्चीवर बसून बुद्धिबळ मांडूं. जखमेबद्दल ते कधीं विचारीत नसत. एकदां मात्र पट लाविता लाविता म्हणाले, “किती?” आम्हीं “दोन” म्हटलें. त्यांनीं प्यादें पुढें सरकविलें.

घरच्या माणसांनीं कशास भ्यावें व कशास भिऊं नये तेंहि सांगितलें पाहिजे. पट्टी काढतांना थोडेंसें रक्त येणें, फिकट पाणी झिरपणें, दोन आठवडे माप न हलणें यांत घाबरण्यासारखें नाहीं. ताप, भोंवतीं पसरणारी लाली, अकस्मात् वाढलेली दुर्गंधी, न थांबणारें रक्त, जखमेंतून मलासारखें कांहीं येणें, किंवा वरचा स्टोमा काळपट पडणें, यांपैकीं एकहि दिसल्यास सकाळची वाट पाहूं नये. कोणास दाखवावें असा प्रश्न पडल्यास, शस्त्रवैद्यांखेरीज या कामाचें स्वतंत्र शिक्षण घेतलेल्या परिचारिका असतात. मुंबईस परळच्या टाटा रुग्णालयांत त्यांची सोय आहे. आमच्या शंकांपैकीं निम्म्या अशाच एका बाईंनीं दूरध्वनीवर सोडविल्या.

जूनअखेर दीड सेंटिमीटर राहिलें. शस्त्रवैद्यांनीं काडी घालून पाहिली, वही मागून घेतली, मागचीं पानें उलटलीं आणि आणखी एक महिना दिला. जुलैंत तोंडाशीं मांसांकुर फार उंच आले ते त्यांनीं सिल्व्हर नायट्रेटची काडी लावून दोनदां जाळले. ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारीं काडी आंत गेली नाहीं. पुतण्यानें दोनदां पाहिलें, मग वहींत तारीख घालून पुढें शून्य लिहिलें. आम्हीं आयुष्यांत कितीक मुलांस शून्य दिलें असेल. आम्हांस मिळालेलें हें पहिलें.

जखम भरली तरी तिची खूण देह आहे तोंवर नाहींशी होत नाहीं, म्हणून तिला व्रण म्हणतात, अशी त्या शब्दाची व्युत्पत्ति सुश्रुतानें दिली आहे. आजचे वैद्यहि म्हणतात कीं भरलेल्या जागेची ताकद मूळच्या कातडीच्या फार तर ऐंशी टक्क्यांपर्यंत येते. आम्ही अजून फोमची गादी सोडलेली नाहीं व पाटावर बसत नाहीं. जड बादली तर पोटावरील द्वाराशेजारीं अंतर्गळ होऊं नये म्हणून कायमचीच वर्ज्य आहे. गणेशचतुर्थीस बंधूंनीं देवापुढें पाटाऐवजीं खुर्ची ठेविली होती. तीवर गादी घालून आम्हीं पूजा केली.

उरलेल्या पट्ट्यांचें खोकें पुढील आळींतील एका गृहस्थांकडे गेलें. त्यांची शस्त्रक्रिया दिवाळीनंतर झाली. पुतण्याच त्यांच्या मुलास पट्टी सैल कशी भरावी तें दाखवून आला. त्यांनीं वहीहि मागितली, तेव्हां तीहि दिली. मार्चचें पान उघडून दिली.